तीन पत्ती येते ना? मग पोकर अर्धा आलाच

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात झाडांना झोके बांधले जातात, माहेरवाशिणी येतात, खापरावर पुरणपोळ्या पडतात आणि कुठल्या तरी ओट्यावर, गच्चीवर नाहीतर मळ्यातल्या शेडखाली पत्त्यांचा कॅट निघतो. सालदाराचं जुनं साल त्या दिवशी सरतं, नवं ठरतं. मधल्या त्या मोकळ्या वेळात पत्ते कुटणं हे आपल्याकडे ठरलेलंच. कुठे झन्नामन्ना, कुठे रमी, बहुतेक ठिकाणी तीन पत्ती. अलीकडे पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं सुट्टीत घरी येतात ती पोकर घेऊन. मग काका-मामा मंडळी दोन डाव बघतात, "पाच पानं मधी उघडी टाकतस, मग लपाडानं काय ऱ्हायनं?" असं म्हणतात आणि उठून जातात.

त्या उठून जाणाऱ्यांसाठी हा लेख. लपवायचं काय राहिलं, हा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. पोकरची सगळी गंमत त्या पाच उघड्या पानांत आहे. तीन पत्तीतून पैसे काढून घेतले तर खेळात फार काही उरत नाही. पोकरातून काढले तरी बराच उरतो, फक्त त्यासाठी थोडी तजवीज करावी लागते.

पोकरचे प्रकार बरेच आहेत. घरी आणि मोबाइलवर जो सर्वात जास्त खेळला जातो तो टेक्सस होल्डेम, म्हणून तेवढाच धरू. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग बोलीची एक फेरी. नंतर मधोमध तीन पानं उघडी पडतात, त्याला फ्लॉप म्हणतात. पुन्हा बोली. चौथं पान पडतं, टर्न. बोली. पाचवं पान, रिव्हर. शेवटची बोली आणि मग शो. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याचा पाच पानांचा हात सर्वात मोठा, त्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेली सगळी रक्कम. मधली पाच पानं सगळ्यांची सामाईक असतात. एखाद्याला आपल्या दोन पानांचा उपयोगच झाला नाही, तरी मधल्या पाचांवर त्याचा हक्क असतो.

तीन पत्तीत सगळे बूट, म्हणजे डावाआधीची ठरलेली रक्कम, टाकतात. इथे फक्त दोघे टाकतात. पानं वाटणाऱ्याच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड, त्याच्या पुढचा त्याच्या दुप्पट, म्हणजे बिग ब्लाइंड. ही सक्तीची रक्कम आहे, तीन पत्तीतल्या ब्लाइंडसारखं पानं न बघता खेळण्याशी तिचा संबंध नाही. दुसरा फरक असा की कोणी बोली लावलेली नसेल तर काही न टाकता 'चेक' म्हणून पुढे सरकता येतं. तीन पत्तीत ही सोय नाही, तिथे चाल तरी द्या नाहीतर पॅक व्हा. चेक म्हणणारा माणूस कमजोर असतो किंवा तसं दाखवत असतो, आणि यातलं नेमकं काय हे ओळखण्यात रात्र जाते.

हातांची उतरंड वरून खाली अशी: रॉयल फ्लश (एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी), स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची सलग पाच पानं), चार सारखी पानं, फुल हाउस (एक तिकडी आणि एक जोडी), फ्लश म्हणजे पाच पानांचा कलर, स्ट्रेट म्हणजे पाच पानांचा सिक्वेन्स, तिकडी, दोन जोड्या, एक जोडी आणि काहीच नसेल तर मोठं पान.

इथेच तीन पत्तीवाला माणूस भांडायला उठतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरात कलर सिक्वेन्सला. भांडण रास्त आहे, पण दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. हात जितका दुर्मीळ तितका मोठा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. बावन्न पानांतून तीन पानांचे हात २२,१०० बनतात. त्यात सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स कमी, म्हणून तो मोठा. पाच पानांचे हात २५,९८,९६० बनतात. त्यात स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. आता कलर कमी, म्हणून तो मोठा. तीन पानांवरून पाचांवर जाताना कलर साधारण पंचवीस पट दुर्मीळ होतो, सिक्वेन्स आठेक पट. कारण कलर करताना पुढचं प्रत्येक पान त्याच रंगाचं लागतं आणि त्या रंगाची पानं संपत जातात. सिक्वेन्सला रंगाची अट नाही, चार रंगांतलं कोणतंही चालतं. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की मामा गप्प बसतात. निदान त्या डावापुरते तरी.

आणखी एक आकडा. सातांतून पाच निवडायचे असल्यामुळे रिव्हरपर्यंत जवळपास ४४ टक्के वेळा कोणाच्याही हातात नेमकी एक जोडी असते. तीन पत्तीत जोडी आली की छाती फुगते, इथे ती रोजची भाजी-भाकरी. नवखे सगळ्यात जास्त चिप्स घालवतात ते छोट्या जोडीच्या प्रेमात पडून.

आता एक डाव सावकाश बघू. चौघं बसलेत, प्रत्येकाकडे हजाराच्या चिप्स. काका पानं वाटतात. त्यांच्या डावीकडे मामा, स्मॉल ब्लाइंड १०. पुढे वहिनी, बिग ब्लाइंड २०. पहिली बोली भाच्याची. त्याच्याकडे इस्पिकचा राजा आणि चौकटची राणी. तो ६० करतो. काका पानं टाकतात, म्हणजे पॅक होतात, मामाही आपले १० सोडून टाकतात. वहिनीकडे बदामचा गुलाम आणि बदामची दश्शी. त्या बरोबरीसाठी ४० भरतात. पॉटमध्ये १३०.

फ्लॉप पडतो: बदामचा राजा, किलवरची सत्ती, बदामची तिर्री. भाच्याला राजांची जोडी लागली. वहिनींकडे अजून काही नाही, पण बदामची चार पानं झाली. आणखी एक बदाम पडला की फ्लश. वहिनी चेक करतात. भाचा ७० लावतो.

आता वहिनींनी काय करावं? तीन पत्तीत इथे "बघू नशिबात काय आहे" असं म्हणून चाल दिली जाते. पोकरात मोजता येतं. बदाम एकूण तेरा, चार दिसतात, नऊ बाकी. न दिसलेली पानं सत्तेचाळीस. पुढचंच पान बदाम असण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्के. टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळाले तर साधारण ३५ टक्के. मनातल्या मनात करायची युक्ती अशी: कामाची जितकी पानं बाकी असतील त्यांना एक पान यायचं असेल तर दोनने गुणा, दोन यायची असतील तर चारने. नऊ गुणिले चार, छत्तीस. पुरेसं जवळ आहे.

ही झाली शक्यता. दुसरी बाजू किमतीची. पॉटमध्ये आता २०० आहेत आणि वहिनींना ७० भरायचे आहेत. भरल्यावर पॉट २७० होईल, त्यात त्यांचे ७०, म्हणजे २६ टक्के. शक्यता किमतीपेक्षा जास्त असेल तर भरा, कमी असेल तर टाका. दोन पानांचा ३५ टक्के धरला तर भरणं परवडतं. फक्त पुढच्या पानाचा १९ टक्के धरला तर परवडत नाही, कारण टर्नला भाचा पुन्हा बोली लावू शकतो. त्यामुळे भाचा पुढे काय करेल याचा अंदाज हिशेबात धरावाच लागतो. नुसतं गणित येणारा आणि नुसती माणसं ओळखणारा, दोघेही इथे अर्धे पडतात.

वहिनी ७० भरतात. टर्नला इस्पिकची चौकी. काही बदललं नाही. वहिनी चेक. भाचा इथे कचरतो, "वहिनी उगाच भरत नाहीत" असं मनात म्हणून तोही चेक करतो. वहिनींना रिव्हर फुकट मिळालं. ते पडतं चौकटची सत्ती. बदाम आला नाही. मध्ये आता राजा, सत्ती, तिर्री, चौकी, सत्ती. वहिनींच्या हातात स्वतःचं असं काहीच नाही.

वहिनी शांतपणे २०० लावतात.

भाच्याच्या डोक्यात काय चाललंय बघा. वहिनींनी फ्लॉपला निमूट भरलं, म्हणजे काहीतरी लागलं होतं. सत्तीची जोडी असू शकते. आता दुसरी सत्ती पडली, म्हणजे तिकडी. बिग ब्लाइंडला बसून सत्तीवाली पानं घेऊन त्या आल्या असतील, हे सहज शक्य आहे. गोष्ट जुळते. दुसरीकडे दोन बदाम होते, फ्लशची वाट बघून फसल्या असतील तर? भाच्याला ६७० च्या पॉटसाठी २०० भरायचे आहेत, म्हणजे वहिनी दहापैकी तीनदा जरी थापा मारत असतील तर भरणं फायद्याचं. तो पंख्याकडे बघतो, वहिनींकडे बघतो, पानं टाकतो. वहिनी न दाखवता आपली पानं कॅटमध्ये मिसळतात. भाचा आठवडाभर विचारत राहतो.

ब्लफ हा असा असतो. नवखा माणूस ब्लफ म्हणजे चेहरा दगडासारखा ठेवणं समजतो. चेहरा दुय्यम आहे. पहिल्या बोलीपासून शेवटच्या बोलीपर्यंत तुम्ही जी गोष्ट सांगत आलात ती जुळली पाहिजे. रिव्हरला राणी पडली असती आणि वहिनींनी तेच २०० लावले असते, तर गोष्ट विस्कटली असती आणि भाच्याने भरलं असतं. वहिनींना हा ब्लफ दर वेळी फळायचीही गरज नाही. २७० चा पॉट उचलायला २०० घातले, म्हणजे शंभरपैकी त्रेचाळीसेक वेळा समोरच्याने पानं टाकली तरी नुकसान नाही.

लपवायचं काय राहिलं याचं उत्तर म्हणजे हा डाव. जे उघडं आहे त्याच्या आधारे न दिसणाऱ्याचा तर्क करता येतो. तीन पत्तीत तर्काला आधारच नसतो, असते ती छाती. बुद्धिबळात संगणकाने कास्पारोव्हला १९९७ साली हरवलं. दोनच खेळाडूंच्या, बोलीला मर्यादा नसलेल्या होल्डेममध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रोग्रामने अव्वल खेळाडूंना हरवायला २०१७ उजाडलं. बुद्धिबळात सगळं पटावर दिसतं, इथे दोन पानं झाकलेली असतात. त्या दोन पानांनी वीस वर्षं खाल्ली.

कुठे बसलात याला भलतं महत्त्व आहे. बैलबाजारात जो आधी भाव बोलतो तो फसतो, तसंच इथे. पानं वाटणाऱ्याच्या जागेला बटण म्हणतात आणि फ्लॉपनंतर तो सगळ्यांत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं हे बघून ठरवायचं, म्हणून तिथे बसून जरा हलकी पानंही चालतात. सुरुवातीला बोलावं लागत असेल तर एक्का-राजा, एक्का-राणी, मोठ्या जोड्या अशीच पानं खेळा आणि बाकीची टाका. टाकणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदा येतात, कुठलीही जोडी सतरांत एकदा. घरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे एक्क्यांच्या जोडीची वाट बघत बसणारा सात-आठ तास बसेल. मधल्या पानांवर खेळायला शिकावंच लागतं.

आता घरची मांडणी. सहा जणांपर्यंत मजा येते, आठच्या वर कंटाळा. चिप्स विकत मिळतात, पण नसतील तर चिंचोके, कवड्या, शर्टाची बटणं काहीही चालेल, फक्त दोन-तीन किमती वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. शेंगदाणे घेऊ नका, तासाभरात निम्मा पॉट खाल्लेला असतो. पत्ते प्लास्टिकचे घ्या. वैशाखात, जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ च्या पुढे असताना, कागदी पत्ते घामाने फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि एखाद्या पानाचा कोपरा दुमडला की पुढे रात्रभर सगळ्यांना ते पान पाठीवरून ओळखू येतं. कूलर टेबलाकडे तोंड करून ठेवू नका. पालथी पानं उलटतात आणि मग पहाटेपर्यंत वाद.

सगळ्यांना हजाराच्या सारख्या चिप्स द्या, संपल्या की माणूस बाहेर. ब्लाइंड ५-१० पासून सुरू करा आणि दर वीस मिनिटांनी दुप्पट करा. सहाव्या टप्प्याला तो १६०-३२० होतो, सहा जणांच्या टेबलावर एकूण सहा हजारच असतात, म्हणून डाव दोन-सव्वादोन तासांत आपोआप संपतो. ब्लाइंड वाढवले नाहीत तर सावध माणसं पहाटेपर्यंत बसून राहतील.

आणि पैसे? माझं मत स्पष्ट आहे, घरी पैशाविना खेळा. पण नुसतं "पैशाविना" म्हणून भागत नाही. गमावण्यासारखं काहीच नसेल तर दुसऱ्याच डावाला कोणीतरी सगळ्या चिप्स पुढे लोटतो आणि हसतो, मग वहिनींच्या ब्लफला काही किंमतच राहत नाही. चिप्सना वजन यायला त्या मर्यादित हव्यात, एकदा संपल्या की पुन्हा मिळता कामा नयेत. वर गुणतक्ता ठेवा. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. आखाजीपासून दिवाळीपर्यंतची बेरीज भिंतीवर. शेवटी तळाला राहील त्याने सगळ्यांना शेवभाजी घालायची, किंवा हिवाळ्यात भरीत-पुरीची पार्टी. यावर माणसं किती गंभीर होतात ते बघाच.

पैसे लावायचे नाहीत याला कायद्याचंही कारण आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो सूट देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं आणि त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचं म्हटलं. पोकर मध्येच लटकलेला आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगार ठरवलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये निव्वळ अंदाजावर त्याची परवानगी नाकारू नका असं म्हटलं. जुगार हा राज्यांचा विषय, त्यामुळे हद्द ओलांडली की चित्र बदलतं, आणि आपल्या नवापूरचं तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. राज्य कुठलंही असो, घरमालकाने प्रत्येक पॉटमधून नाल, म्हणजे स्वतःचा हिस्सा, काढायला सुरुवात केली की तो जुगाराचा अड्डाच होतो, मग ओसरी कितीही आपली असो.

ऑनलाइनचं उत्तर जास्त सरळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. त्यानंतर देशातल्या मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांची टेबलं गुंडाळली. म्हणून टेलिग्रामवर कोणी "परदेशी साइट आहे, यूपीआयवर पैसे टाक, चालतंय" म्हणत असेल तर ते पैसे परत मागायला कुठलीच खिडकी नाही, एवढं धरून चला.

फुकटच्या चिप्सवरचा पोकर मात्र खेळता येतो. झिंगा पोकरसारखी अ‍ॅप्स वर्षानुवर्षं आहेत. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. हातांची उतरंड, बोलीचा क्रम, चिप्स मोजणं हे अंगवळणी पडतं, कारण तिथे तासाला साठ-सत्तर डाव होतात, घरच्यापेक्षा दुपटीहून जास्त. ब्लफ मात्र तिथे शिकू नका. फुकट टेबलावर कोणीच पानं टाकत नाही. वहिनींचे ते २०० तिथे चौघांनी भरले असते आणि एकाने तिर्रीची जोडी दाखवून नेले असते. तिथे फक्त चांगला हात लागला की मोठी बोली लावायची, एवढंच चालतं. मोबाइलमध्ये चिप्स विकत घ्यायचा पर्याय बंद करून ठेवा. त्या चिप्स परत पैशात बदलत नाहीत, म्हणजे जिंकलात तरी गेलेले पैसे गेलेच.

त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे खासगी टेबल. बऱ्याच अ‍ॅपमध्ये दुवा पाठवून आपलीच माणसं बसवता येतात. एक शिरपूरला, एक नाशिकला, एक पुण्यात, आणि बाजूला व्हिडिओ कॉल. चेहरे दिसतात, टोमणे चालतात, गुणतक्ता तोच राहतो. फक्त अट घालावी की खेळणाऱ्याने एकट्याने बसायचं. दोन भाऊ एका खोलीत बसून एकमेकांची पानं बघत खेळले तर बाकीचे कापले जातात, आणि हे पकडता येत नाही.

ओट्यावरच्या डावात वेगळंच दुखणं. मागे उभा राहणारा. ना खेळत, ना बाहेर जात, तिघांची पानं बघून झालेली आणि चौथ्याला "भो, तू भर, बिनधास्त भर" असा सल्ला. तीन पत्तीत हे खपतं. पोकरात अशा एका वाक्याने डाव मरतो, कारण "भर" म्हणण्यातून बाकीच्यांची पानं कळतात. डाव सोडलेल्यानेही हात संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगा. तरी ऐकलं नाही तर त्याला खुर्ची द्या, हातात कॅट द्या आणि पानं वाटायला बसवा. पिसता पिसता बोलणं बंद होतं, शिवाय वाटणारा वेगळा मिळाल्याने डावही भराभर पुढे सरकतो.